साडेतीन इंची की साडेतीन इंचाची?

प्रश्न असा आहे: जुन्या कॉम्प्युटरबद्दल लिहिताना ‘साडेतीन इंची फ्लॉपी’ लिहावं की ‘साडेतीन इंचाची फ्लॉपी’? विचारणाऱ्या बाईंना आणखी एक शंका आहे. ती फ्लॉपी, म्हणजे कॉम्प्युटरमधला मजकूर साठवायची चकती, कडक प्लास्टिकची होती, वाकायची नाही. मग तिला ‘फ्लॉपी’, म्हणजे लुळी, म्हणणं चूक नाही का?

‘साडेतीन इंची’ लिहा. व्याकरणात दोन्ही रूपं बसतात, पण दोघांचं काम वेगळं आहे. ‘इंचाची’ने माप सांगितलं जातं, ‘इंची’ने जात. ‘दाराखाली दोन इंचाची फट आहे’ असं म्हणणाऱ्याने फट मोजलेली असते, निदान डोळ्यांनी तरी. ‘दोन इंची खिळे द्या’ म्हटलं की दुकानदार काही मोजत नाही, त्या जातीच्या खिळ्यांच्या डब्यात हात घालतो. नऊवारीचंही तसंच. लुगडं हातभर कमी भरलं तरी नाव नऊवारीच राहतं. पाच शेरांची ती पासरी, ही जुनी घडणही याच वळणाची. मापाला ‘ई’ लागली की मापाचं नाव होतं.

नाव झालं की मापाशी त्याचं नातं सैल होतं. प्लंबरकडचा अर्धा इंची लोखंडी पाइप घ्या. बाहेरून त्याचा व्यास २१.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. तरी त्याला ‘अर्धा इंची’ म्हणणारा प्लंबर बरोबरच बोलत असतो. तोच पाइप ‘अर्ध्या इंचाचा’ म्हटला तर मात्र विधान चुकतं.

आता फ्लॉपी. माझ्या कपाटात एक आहे, हे लिहिण्याआधी तिच्यावर पट्टी ठेवून पाहिली. रुंदी ९० मिलिमीटर, उंची ९४. साडेतीन इंच म्हणजे ८८.९ मिलिमीटर. आतली चकती जेमतेम ८६ मिलिमीटरची. म्हणजे बाहेरून, आतून, उभी किंवा आडवी कशीही मोजली तरी साडेतीन इंच कुठेच नेमके येत नाहीत. १९८०-८१ च्या सुमारास सोनीने ही फ्लॉपी आणली. तिची आखणी मिलिमीटरमध्ये होती आणि इंचांचं नाव वरून चिकटलं. आंतरराष्ट्रीय मानकांत तिचं नाव ‘९० मिलिमीटर’ असंच आहे. म्हणूनच मी म्हणतो, ही साडेतीन इंची आहे, साडेतीन इंचाची नाही.

तिच्या मोठ्या बहिणींची गंमत वेगळी आहे. आठ इंची आणि सव्वापाच इंची ही नावं बाहेरच्या चौकोनी कव्हरवरून पडली, आणि ती कव्हरं खरोखर तेवढी होती. पण मानकांत त्यांची नोंद २०० आणि १३० मिलिमीटर अशी आहे, कारण तिथे आतली गोल चकती धरली. सव्वापाच इंच म्हणजे १३३ मिलिमीटर, आणि आतली चकती १३० ची. एकाच वस्तूची दोन नावं, दोन्ही खरी, फक्त पट्टी वेगवेगळ्या जागी ठेवलेली.

मराठीची इथे एक सोय झाली, ती मला फार आवडते. बहुतेक आकार आपल्या सव्वा-साडेच्या चौकटीत नीट बसले. आयबीएमने १९७१ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांत आतल्या सूचना भरण्यासाठी पहिली फ्लॉपी काढली, ती आठ इंची. तिच्यात ८० किलोबाइट मावायचे आणि ती फक्त वाचता यायची. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने टेबलावरच्या छोट्या यंत्रांसाठी सव्वापाच इंची ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी चालवणारं यंत्र, आणला. मग साडेतीन इंची. ‘साडे’ हा शब्द आपण तीनपासून पुढेच लावतो, कारण त्याआधी दीड आणि अडीच स्वतंत्र आहेत. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन हात देह यांच्या सवयीच्या जिभेवर हे नाव सहज बसलं. ‘थ्री अँड अ हाफ’ म्हणायची गरजच नव्हती.

पण इतिहासात याहून कितीतरी आकार येऊन गेले, आणि शब्दांच्या दृष्टीने तेही पाहण्यासारखे आहेत. १९८० नंतरच्या तीन-चार वर्षांत प्रत्येक कंपनीला छोट्या फ्लॉपीचा आकार आपला हवा होता. फ्लॉप्या बनवणाऱ्या डायसनने सव्वातीन इंची काढली, ती चालली नाही. आयबीएमने १९८३ मध्ये चार इंची काढली, तीही नाही. हिताची आणि मात्सुशिताची तीन इंची बरी टिकली. इंग्लंडमध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने ती १९८५ च्या पीसीडब्ल्यू ८२५६ या कॉम्प्युटरमध्ये घातली, आणि १९८७ च्या स्पेक्ट्रम प्लस थ्री या कॉम्प्युटरमध्येही तीच होती. तिचं कव्हर ८० बाय १०० मिलिमीटर. तीन इंच म्हणजे ७६.२. नावापेक्षा कव्हर दोन्ही बाजूंनी मोठं! सव्वा-साडेची चौकट मोडली ती जपानमध्ये. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमच्या यंत्राला जोडायच्या १९८६ च्या ड्राइव्हसाठी मित्सुमी कंपनीच्या घडणीची २.८ इंची चकती आली. ‘पावणेतीन’ म्हणावं तर ते २.७५ होतं. इथे ‘दोन पॉइंट आठ’ म्हणण्याला पर्याय नाही, आणि तसं लिहिण्यात कमीपणाही नाही.

यांतून साडेतीन इंचीच का टिकली? एचपीने ती लवकर उचलली, १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये अ‍ॅपलने तीच घातली, मागून आयबीएमही आलं. शर्टाच्या खिशात ती मावायची आणि चकतीला बोट लागायचं नाही, हेही होतंच.

आता पोटशंका. हातातल्या फ्लॉपीचं पत्र्याचं सरकतं झाकण बोटाने बाजूला सारा. झाकण स्प्रिंगवर आहे, सोडलं की परत बसेल. आत काळसर तपकिरी फिल्म दिसेल, दोन्ही बाजूंना पातळ अस्तर. ती फिल्म प्लास्टिकची, वर लोहचुंबकी लेप, आणि कागदासारखी लवते. फ्लॉपी म्हणायचं ते तिला. कवच कडक झालं, आतला जीव मऊच राहिला, म्हणून नाव चुकीचं नाही.

तरी ही शंका फक्त आपल्याकडच्यांना आली असं नाही. दक्षिण आफ्रिकेत लोक कडक फ्लॉपीला सरळ ‘स्टिफी’, म्हणजे ताठ, म्हणू लागले. फिनलंडमध्ये मऊ सव्वापाच इंचीला ‘लेर्प्पु’ म्हणत, म्हणजे लुळी, आणि कडक साडेतीन इंचीला ‘कोर्प्पु’, म्हणजे चहात बुडवायचा कडक टोस्ट. आपल्याकडे ‘मोठी’ आणि ‘छोटी’ एवढ्यावर भागलं. छापखान्यात मजकूर घेऊन गेलं की पहिला प्रश्न ‘मोठी आहे की छोटी?’ हाच असे. खुद्द आयबीएमने १९७३ पासून ‘डिस्केट’ हे नाव वापरलं, पण बोलीत फ्लॉपीच जिंकली.

कडक फ्लॉपीवरचं ‘१.४४’ सुद्धा नावच आहे. आत १४,७४,५६० बाइट मावतात. हा आकडा १४४० गुणिले १०२४ असा येतो, म्हणजे एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने मोजलेलं मेगाबाइट. कोणत्याही एका हिशेबाने तो १.४४ भरत नाही. तेव्हा ‘१.४४ ची फ्लॉपी’ खुशाल लिहा, पण बाइट सांगायचे असतील तर पूर्ण आकडा लिहा.

आणि अनेकवचन बाईंनी विचारलेलं नाही, पण त्यांच्या मजकुरात ‘फ्लॉपीज’ दिसलं म्हणून सांगतो. शब्द स्त्रीलिंगी आणि ईकारान्त आहे, काठीच्या काठ्या तशा फ्लॉपीच्या फ्लॉप्या. छापखान्यातही ‘फ्लॉप्या आणल्यात का?’ असंच विचारत.