फ्रेंच शाळा की फ्रेंच इमर्शन? न्यू ब्रन्सविकविषयी वाचकांचे प्रश्न

मुलगी-जावई कॅनडात, न्यू ब्रन्सविकमधल्या माँक्टनला राहतात. नातीला फ्रेंच शाळेत घालायचं म्हणतात. शेजारी म्हणतात, ‘फ्रेंच इमर्शन’ घ्या. फरक काय? (एक आजी, पुणे)

आजी, फरक मोठा आहे. इमर्शनचा वर्ग इंग्रजी शाळेत भरतो. विषय फ्रेंचमधून शिकवतात, पण मधल्या सुट्टीत, ऑफिसात, पालकसभेत इंग्रजीच. फ्रेंच शाळा अकेडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या फ्रेंचभाषक मुलांसाठी असते. तिचा सगळा कारभार फ्रेंचमध्ये चालतो आणि इंग्रजी हा एक विषय असतो. नातीच्या इंग्रजीची काळजी नको, माँक्टनमध्ये ती कानावर पडतेच. अडचण घरी येईल : गृहपाठ, शाळेच्या सूचना, सगळं फ्रेंचमध्ये. आईबाबा थोडी फ्रेंच शिकणार असतील तर मी फ्रेंच शाळाच सुचवेन. शिवाय कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेतलं 23वं कलम त्यांना दाखवा. पालक कॅनडाचे नागरिक झाले आणि एक मूल तिथे फ्रेंचमधून शिकत असलं, की त्याच्या भावंडांनाही फ्रेंच शाळेचा हक्क मिळतो.

प्रांत द्विभाषिक, मग सगळी मुलं एकाच शाळेत का नाहीत? वेगळ्या शाळांनी दरी वाढत नाही का? (एक शिक्षक, बेळगाव)

सर, एका छपराखाली दोन भाषा आल्या की वर्गात काहीही ठरलेलं असो, मैदानावर बलवान भाषाच चालते. मिश्र शाळांत फ्रेंच मुलं आपसातही इंग्रजी बोलू लागतात. अकेडियनांना हे फार आधी कळलं. 1871च्या शाळा कायद्याने त्यांच्या कॅथलिक शाळांचा सरकारी आधार काढला, त्यावरून संताप इतका पेटला की 1875 साली काराके गावात दोन माणसं मेली. पुढे त्यांनी नुसते फ्रेंच वर्ग मागितले नाहीत, कारभार मागितला. 1974पासून शिक्षण खात्याच्या दोन शाखा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. 1993मध्ये स्वतंत्र शिक्षणसंस्थांचा हक्क थेट कॅनडाच्या घटनेत गेला. आपल्या घटनेतलं 350-अ कलम 1956चं. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा, असं ते सांगतं. ‘प्रयत्न’ आणि ‘हक्क’ यांतलं अंतर बेळगावच्या शिक्षकाला मी काय सांगावं!

बारावी झाली, फ्रेंच बी-2 पातळीची (सहा पायऱ्यांतली चौथी) आहे. तिथे फ्रेंचमधून पदवी घेता येईल? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

येईल. युनिव्हर्सिते द माँक्टन 1963मध्ये सुरू झालं. माँक्टन, एडमन्स्टन आणि शिपगन इथे त्याची आवारं आहेत. मला सर्वांत मोलाची वाटते ती 1978ची विधी शाखा. कायदा इंग्लंडहून आलेला कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला; शिकवणं मात्र फ्रेंचमधून! फ्रेंचभाषक माणसाला न्यायालयात आपल्या भाषेचा हक्क दिला, तरी त्या भाषेत युक्तिवाद करणारे वकील तयार व्हायला हवेत ना? डॉक्टरांचंही तेच, म्हणून 2006पासून शेजारच्या क्युबेक प्रांतातल्या शेरब्रुक विद्यापीठाचं वैद्यकीय शिक्षण माँक्टनच्या आवारात मिळतं. बी-2वर व्याख्यानं समजतील, निबंध लिहिणं जड जाईल. तुझा विषय शिपगनला असेल तर ते आवार निवड. गाव लहान, समुद्राकाठचं; बाजारातही फ्रेंचच बोलावी लागेल.

मुलगा फ्रेंच शाळेत जातो, पण मित्रांशी फ्रेंच-इंग्रजीची खिचडी बोलतो. शाळा बदलू का? (एक आई, माँक्टन)

नको, ताई. त्या बोलीला शियाक म्हणतात, माँक्टनच्या परिसरातली ती जुनी बोली आहे. तो ती बोलतो म्हणजे अकेडियन मुलांत रमलाय. वहीत प्रमाण फ्रेंच लिहितो ना, एवढं बघा. आणि घरी त्याच्याशी मराठीतच बोला.