कोयत्याच्या पोटातलं 'कोय'

प्रश्न चिपळूणच्या एका वाचकाचा आहे. त्यांना मित्रांबरोबर सह्याद्रीत दोन-तीन रात्री राहायला जायचंय, ऑनलाइन एक 'सर्व्हायव्हल टॉमहॉक', म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड, बघून ठेवलाय, आणि विचारतायत की याला मराठीत परशू म्हणायचं का, आणि कोयत्याऐवजी हा घेतला तर चालेल का.

परशू म्हणू नका. व्हिडिओवाले सर्रास म्हणतात आणि दर वेळी कानाला खुपतं. आजच्या मराठीत परशू फक्त देवाच्या हातात असतो, लाकडं फोडायला कोणी शेजाऱ्याकडे परशू मागायला जात नाही. आणि टॉमहॉक हा मुळात कामाचाच शब्द आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या व्हर्जिनियात, पोवहाटन लोक राहायचे, त्यांच्या भाषेतला हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी उचलला, मूळ उच्चार तमाहाकच्या आसपासचा, आणि अर्थ काय तर 'कापायचं साधन'. बस, एवढाच. तेव्हा पातं दगडाचं असायचं, लोखंडी पाती नंतर युरोपियन व्यापाऱ्यांनी आणली. मग लढाया, मग सिनेमे, मग 1991 च्या आखाती युद्धापासून पेपरात टॉमहॉक म्हणजे क्षेपणास्त्र. कापायच्या साधनाची बाहेरच्यांनी शस्त्र एवढीच ओळख ठेवली.

अगदी हेच आपण कोयत्याचं करतोय म्हणून माझा संताप आहे. टीव्हीवर 'कोयता गँग' सुरू झाल्यापासून सुरा असो, तलवार असो, काहीही लांब पात्याचं दिसलं की कोयता. परवा तर एकाने मला समजावलं की हत्यार हा शब्द हत्येवरून आला! अहो, हत्यार हातावरून आलंय, प्राकृतात हत्थियार आहे, सुताराची हत्यारं, गवंड्याची हत्यारं म्हणतोच की आपण, ते कोणाची हत्या करतात?

आता कोयता. याच्यासाठीच मी लिहायला बसलोय. कन्नडमध्ये 'कोय्' म्हणजे कापणं. मल्याळममध्ये 'कोय्त्त' म्हणजे भाताची कापणी, आणि कापणीचा विळा म्हणजे 'कोय्त्तरिवाळ'. तेलुगूत 'कोत' म्हणजे कापणी, आणि लाइट गेली तरी 'करंट कोत'च. कर्नाटकात पावसाचं पाणी साठवायच्या योजनेला 'मळे कोय्लु' म्हणतात, म्हणजे शब्दशः पावसाची कापणी! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातल्या कोयत्याकडे किती तरी वेळ बघत बसलो होतो. बरो आणि एमेनो या भाषाशास्त्रज्ञांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती 1961) या 'कोय्'चं सगळं गोत एका जागी लावलेलं आहे, ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं.

यावर संस्कृतवाल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर येतं की कोयता 'कर्तरी'वरून आला. कसा काय? कर्तरीची कत्तरी झाली, कत्तरीची कातर झाली, हा रस्ता स्वच्छ दिसतो आणि कातर आपल्या घरात आहेच. 'र्त'चा 'त्त' होतो, 'ओय' कुठून होणार? तसं आणखी एक उदाहरण दाखवा, मी मान्य करतो. कुठारचं प्राकृतात कुहाड आणि मराठीत कुऱ्हाड झालं हे मीच सगळ्यांना सांगत असतो, माझं संस्कृतशी वैर नाही, पण प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत आईबाप शोधून द्यायचेच हा हट्ट चुकीचा आहे. आणि दुसरे ते, आंब्याच्या कोयीशी संबंध जोडणारे, का तर पातं कोयीसारखं बाकदार असतं. बाकदार तर विळाही असतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कोयता जर कापणीचा, तर कोकणात भात विळ्याने का कापतात? याचं उत्तर 'कोय्'च्या रुंद अर्थात आहे, कन्नडमध्ये फुलं खुडणं हेसुद्धा 'हू कोय्'. झाडापासून काही वेगळं करायचं, मग ते फूल असो, कणीस असो की फांदी, की झालं कोय्. माझं मत असं की हा शब्द माड-पोफळीच्या कामाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने वर आला, कारण हत्यार आणि त्याचं नाव कामकऱ्याच्या कमरेला बांधूनच प्रवास करतं, आणि केरळपासून इथपर्यंत तेच माड, तेच चढणं, शहाळं तासायची तीच तिरपी फेक. यावर एका मित्राने विचारलं की मग मराठवाड्यातल्या ऊसतोडीत कोयता कसा? तिथे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. पण देशावरसुद्धा कन्नडचा शेजार शेकडो वर्षांचा आहे, शब्द दोन वाटांनी येऊ शकतो. मला किनाऱ्याची वाट जास्त पटते. आणि माणसाच्या कष्टाचं माप ज्या शब्दाने होतं तो शब्द बातम्यांनी गुंडांना देऊन टाकावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, तुमचा टॉमहॉक. त्याच्यात एक गुण आहे, जुन्या पद्धतीच्या टॉमहॉकचा दांडा टिकावासारखा वरून घालतात, दांडा डोक्याकडे जाड होत जातो त्यामुळे पातं स्वतःच आवळून बसतं, पाचर लागत नाही, रानात दांडा मोडला तर फांदी तासून नवा घालता येतो. म्हणून घ्यायचाच असेल तर लाकडी दांड्याचा घ्या, अखंड पोलादी आणि प्लास्टिकच्या मुठीचा नको. वाळलेलं लाकूड फोडायला तो बरा. पण आपल्याकडे वाट अडवतात त्या करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, वेली, ओला बांबू. असल्या लवचीक ओल्या गोष्टीवर कुऱ्हाडीच्या जातीचं आखूड पातं उडून मागे येतं, आणि ते पायावर येतं. कोयत्याचं लांब बाकदार पातं फांदीला आत धरतं आणि ओढत कापतं.

माझ्या काकांची कोयती ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून गावच्या लोहाराने केलेली, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं, मूठ घामाने काळी झालेली. काका ती मागे कमरेच्या आकडीत न बघता अडकवायचे, खट्ट असा आवाज व्हायचा. पावसाळ्याआधी काळ्या दगडावर पाणी मारून धार लावायची आणि खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून खोबरेल पुसून ठेवायची. चकचकीत स्टेनलेसला असली धार मी अजून बघितलेली नाही.

आणि एक, 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत, तेव्हा ती वस्तू कशासाठी केलेली आहे याला तिथेही महत्त्व आहे. अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय कोयतीसुद्धा नेऊ नका, 1972 चा वन्यजीव कायदा तिथे लागू आहे आणि त्यात चाकूसुद्धा शस्त्रात येतो.

लोहाराकडे गेलात की 'कोयती' मागा, आणि आकडीही मागून घ्या. नुसता 'कोयता' म्हणालात तर तो मोठा, जड, माडाच्या कामाचा काढून देईल. आणि टॉमहॉकला मराठीत टॉमहॉकच म्हणा, तोही परक्या किनाऱ्यावरचा कोयताच आहे.