दुसऱ्याच्या शर्टावर छाप मारून विकणारा व्हर्जिल ॲब्लो एवढा मोठा डिझायनर कसा काय झाला? अन आपल्या भागात कोणी असं करू शकते का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण छाप मारायचा धंदा माझाच आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, दुर्गा मंडळाचे टी-शर्ट, कबड्डीच्या टीमा, कोणाच्या वाढदिवसाचे, जे येईल ते छापतो. त्यामुळं "नुसती छाप मारली" असं कोणी म्हटलं की थोडं टोचतेच.

मला हा माणूस माहीत झाला तो भाच्यामुळं. पोरगा आठवडी बाजारातून 200 रुपयाचा काळा टी-शर्ट घेऊन आला, पाठीवर चार बाण एकमेकात घुसलेले, वर ऑफ-व्हाइट, म्हणजे ॲब्लोच्या ब्रँडचं नाव, लिहिलेलं अन तेही स्पेलिंग चुकवून. आजी म्हणे, "हे बाण कायचे बे, कुठं जाचं हाय तुले?" मी मात्र प्रिंटकडं पाहून राहिलो. बाणाच्या कडा एकदम सरळ, शाई कुठं पसरली नाही, नकली होता पण हात चांगला होता. मग रात्री मोबाइलवर बसलो वाचत, ते वाचणं काही महिने चाललं.

तुम्ही म्हणता तो शर्टाचा किस्सा खरा आहे. 2012 मध्ये त्यानं पायरेक्स व्हिजन नावानं काम सुरू केलं. राल्फ लॉरेन या अमेरिकन कपडे कंपनीच्या रग्बी ब्रँडचे उरलेसुरले फ्लॅनेलचे चेक्स शर्ट 40 डॉलरच्या आसपास उचलले, पाठीवर पायरेक्स अन 23 छापलं आणि 550 डॉलरला विकले. तेव्हाच्या भावानं जवळपास 30,000 रुपये झाले भाऊ! माझ्याकडं एका टी-शर्टामागं 20 रुपये सुटले तर मी खुश होतो. म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीपण शिवीच दिली, खोटं कायला बोलू.

पण ते दोन शब्द काय आहेत ते पाहा. पायरेक्स म्हणजे तिकडच्या किचनमधलं काचेचं भांडं, अन त्याच भांड्यात तिकडं कोकेनचं क्रॅक शिजवतात. 23 म्हणजे बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनचा नंबर. गरीब वस्तीतल्या काळ्या पोरापुढं दोनच रस्ते, एकतर नशेचा माल नाहीतर बास्केटबॉल, एवढं सगळं त्या पाठीवर लिहिलेलं होतं अन समजणाऱ्याला दुरून समजत होतं. मी दहा वर्षं झाली छापून राहिलो, माझ्या एका प्रिंटमध्ये एवढं बसलं नाही. (फ्लॅनेलवर छापणं सोपंही नाही बरं. रोंवा असते त्या कापडाला, पहिला हात तर ते पिऊनच टाकते, वाळवून दुसरा हात मारा लागते तेव्हा कुठं रंग बसते.)

अन तो काही हवेतून आला नव्हता. जन्म 1980 चा, इलिनॉयमधलं रॉकफर्ड, आईबाप घानातून आलेले. आई शिवणकाम करायची, मशीन त्यानं तिच्याकडूनच शिकली. माझे बाबा टेलर आहेत, शाळेचे ड्रेस शिवून शिवून त्यांची मान वाकडी झाली, म्हणून हे वाचलं तेव्हा मला तो जरा जवळचा वाटला. शिक्षण मात्र सिव्हिल इंजिनिअरिंगचं, 2002 ला डिग्री, मग शिकागोला आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स. फॅशन कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. त्याच्या ऑफ-व्हाइटच्या कपड्यावर ते तिरपे पट्टे असतात ना, ते पाहा अन आपल्याकडं रस्त्याचं काम चालू असते तिथले बॅरिकेड पाहा, सिव्हिलवाल्याचं डोकं लगेच दिसते.

अमेरिकन रॅप गायक कान्ये वेस्टसोबत तो आधीपासूनच काम करायचा. 2009 ला हे दोघंही रोममध्ये फेंडी या फॅशन कंपनीत इंटर्न म्हणून राहिले, महिन्याला 500 डॉलरवर. म्हणजे एवढा मोठा गायक अन हा, दोघंही शिकाऊ पोरं! तिथला तेव्हाचा मुख्य माणूस मायकल बर्क, त्यानं यांना हेरून ठेवलं, अन पुढं तोच लुई व्हितॉं या फ्रान्सच्या महागड्या फॅशन कंपनीचा प्रमुख झाला. 2011 ला कान्ये अन दुसरा रॅप गायक जे-झी यांच्या अल्बमच्या कव्हरचं काम ॲब्लोनं पाहिलं, त्यासाठी ग्रॅमी या संगीतातल्या मोठ्या पुरस्काराचं नामांकनही भेटलं. लोक म्हणतात ओळखीनं वर गेला. गेलाच, पण कान्येशी ओळख तर कितीतरी पोरांची होती.

2013 ला पायरेक्स बंद करून मिलानमध्ये ऑफ-व्हाइट काढलं. माझ्या मते त्याचं खरं डोकं इथंच दिसते. वस्तूवर वस्तूचंच नाव लिहायचं, तेही अवतरणचिन्हात. बुटावर "चालण्यासाठी", 2017 पासून आयकिया या फर्निचर कंपनीसोबत काम केलं तर गालिचावर "पाय ठेवू नका". हार्वर्डमध्ये बोलायला गेला तेव्हा त्यानं पोरांना सांगितलं की ओळखीची वस्तू फक्त तीन टक्के बदलायची, तेवढ्यात ती नवी होते. 2017 मध्येच नाइकीचे दहा बूट घेऊन त्यानं "द टेन" केलं, शिलाई उघडी ठेवली, आतला फोम दिसू दिला आणि वरून लाल प्लास्टिकची झिप टाय लटकवली. आमच्याकडं त्या टायनं संत्र्याच्या बागेत ड्रिपच्या नळ्या बांधतात, शेकड्यानं भेटतात, अन तिकडं ती टाय कापायची की नाही यावर पोरं भांडून राहिली होती. ज्यानं कापली त्याच्या बुटाचा भाव पडला म्हणून समजा.

सेलिब्रिटी तर मग रांगेनंच आले. 2018 च्या यूएस ओपनला सेरेना विल्यम्स त्यानं केलेला एका खांद्याचा फ्रॉक घालून खेळली, मॉडेल हेली बीबरच्या लग्नाचा गाऊनही त्याचाच. मार्च 2018 ला लुई व्हितॉंच्या पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख झाला, त्या जागेवरचा पहिला काळा माणूस. जूनमध्ये पॅरिसला पहिला शो, खाली इंद्रधनुष्याच्या रंगाची लांब पट्टी, फॅशन शिकणाऱ्या पोरापोरींनाही बोलावलं होतं, अन शेवटी कान्येला मिठी मारून दोघंही रडले. तो व्हिडिओ मी दुकानात बाबांना दाखवला, बाबांनी रडणं सोडून कोटाची बाहीच पाहिली अन म्हणे "मुंढा बराबर बसला."

चुकाही केल्या त्यानं. 2020 मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध आंदोलन झालं, त्यात पकडलेल्यांच्या जामिनासाठी फक्त 50 डॉलर दिले अन त्याचा फोटो टाकला, लोकांनी सोलून काढलं, मला वाटते बरोबरच सोललं. नंतर त्याच वर्षी काळ्या विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपसाठी 10 लाख डॉलर जमवले. उचलेगिरीचा आरोप तर शेवटपर्यंत राहिला. माझं मत विचाराल तर थोडीफार उचलेगिरी होतीच, पण तो लपवत नव्हता.

28 नोव्हेंबर 2021 ला वारला, 41 वर्षांचा होता. हृदयाचा दुर्मिळ कॅन्सर, 2019 लाच कळलं होतं पण बाहेर कोणाला सांगितलं नाही, शो करतच राहिला. दोन दिवसांनी मायामीत त्याचा ठरलेला शो झाला, तो नसताना.

आता तुमच्या प्रश्नात दुसरं होतं की आपल्या भागात कोणी असं करू शकते का. मी करून पाहिलं भाऊ. बाबांकडं शाळेच्या ड्रेसचे 12 शर्ट पडून होते, माप चुकल्यानं परत आलेले. त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात, अवतरणचिन्हात, "शर्ट" असं छापलं. 350 ला एक ठेवला. सात गेले, सगळे कॉलेजच्या पोरांनी नेले. बाबांनी पहिला पाहिला तेव्हाच म्हटलं होतं, "शर्टावर शर्ट कायले लिवलं बे? लोकाइले डोये नाहीत का?" उरलेल्या पाचातला एक आता तेच घालून वावरात जातात, पऱ्हाटीत फवारा मारायला.