रोज सकाळी चाललं की दिवसभर बसलेलं चालतं का?

सकाळी पाऊण तास पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालणं आणि मग हिंजवडीतल्या ऑफिसात नऊ-दहा तास खुर्ची, हे पुरेल का, असा प्रश्न आहे. बऱ्याच अंशी पुरेल, पण वेग बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. रमतगमत गप्पा मारणं त्यात धरू नका.

आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढीव मृत्यूधोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या अशा व्यायामाने जवळपास पुसला जातो, असं २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या दहा लाखांवर लोकांच्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे तुमची थोडी तूट आहेच.

ती ऑफिसात भरा. बसल्यावर मांड्यांचे मोठे स्नायू जवळजवळ बंद असतात, म्हणून जेवणानंतरची साखर रक्तात रेंगाळते. डबा खाल्ल्यावर लगेच १० ते १५ मिनिटं चाला, दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठा. उभं राहून काम करायचं महागडं टेबल घेऊन फारसं साधत नाही. पाय हलायला हवेत. शिवाय आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि जोर. चालणारी मंडळी नेमकं तेच टाळतात.