डिकेटर गाव कोणाच्या नावाचं?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ डिकेटर नावाच्या गावात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा कळलं की हे नाव नेव्हीतल्या एका जुन्या ऑफिसरचं आहे आणि तो लढाईत नाही, तर आपल्याच नेव्हीतल्या माणसाच्या गोळीनं गेला. हे खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, अगदी खरं आहे. स्टीफन डिकेटर, जन्म १७७९ चा, वडीलही जहाजावरचे कॅप्टन. अलाबामात आणि इलिनॉयमध्येही डिकेटर नावाची गावं आहेत, एवढं त्याचं नाव झालं होतं.

नाव झालं ते त्रिपोलीमुळे, म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं, आजच्या लिबियातलं बंदर; तेव्हा अमेरिकेची तिथल्या राज्याशी लढाई चालू होती. १८०३ मध्ये अमेरिकेचं फिलाडेल्फिया नावाचं युद्धजहाज त्रिपोलीसमोर खडकावर अडकलं, कॅप्टन बेनब्रिज आणि तीनशेच्या वर माणसं कैद झाली आणि जहाज पाशाच्या, म्हणजे त्रिपोलीच्या राज्यकर्त्याच्या, ताब्यात गेलं. मग १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री डिकेटर सत्तर-ऐंशी माणसं घेऊन शत्रूकडूनच पकडलेल्या एका छोट्या गलबतातून थेट बंदरात शिरला, बहुतेक माणसं लपून पडलेली, आणि सिसिलीचा एक वाटाड्या पहारेकऱ्यांना ओरडून सांगतोय की वादळात आमचे नांगर गेले, रात्रभर तुमच्या जहाजाला बांधून घेऊ द्या! आवाज नको म्हणून बंदुका चालवायच्या नाहीत, नुसत्या तलवारी. जहाज पेटवून सगळे परत आले, डिकेटरचा एकही माणूस गेला नाही. पंचविसाव्या वर्षी तो कॅप्टन झाला. पण त्याच ऑगस्टमध्ये तिथल्याच लढाईत त्याचा भाऊ जेम्स मारला गेला.

मला स्वतःला त्याचं १८१५ चं काम जास्त मोठं वाटतं. अल्जियर्सला, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका राज्याला, अमेरिका कित्येक वर्षं खंडणी देत होती, नाहीतर ते व्यापारी जहाजं धरायचे आणि खलाशांना गुलाम करायचे. डिकेटर आरमार घेऊन गेला, त्यांचं मुख्य जहाज पकडलं आणि तहात खंडणी बंद करून घेतली, कैदीही सोडवले.

आता तुमचा खरा प्रश्न. १८०७ मध्ये लेपर्ड या ब्रिटिश जहाजानं चेसापीक या अमेरिकन जहाजावर तोफा डागल्या, कारण काय तर आमचे पळालेले खलाशी तुमच्याकडे आहेत. चेसापीकवर कमोडोर जेम्स बॅरन होता, जहाज लढायला तयारच नव्हतं, एक तोफ कशीबशी उडवून त्यानं शरणागती पत्करली. खटल्यात त्याला पाच वर्षं निलंबित केलं आणि न्याय देणाऱ्यांत डिकेटर बसला होता. पुढे बॅरनला पुन्हा नोकरीत यायचं होतं, तोवर डिकेटर नौदलाच्या कमिशनर मंडळावर होता आणि त्यानं उघड विरोध केला. मग पत्रं सुरू झाली, एकेक पत्र आधीच्यापेक्षा कडवट, आणि शेवटी द्वंद्वाचं, म्हणजे समोरासमोर उभं राहून पिस्तुलं झाडायचं, आव्हान.

२२ मार्च १८२०, वॉशिंग्टनजवळचं ब्लेडन्सबर्ग. बॅरनची नजर अधू म्हणून अंतर फक्त आठ पावलं ठेवलं. द्वंद्वात डिकेटरच्या बाजूनं उभा राहणारा साक्षीदार कोण तर तोच बेनब्रिज, त्रिपोलीत कैद झालेला! मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, की तिथे उभी असलेली सगळी मुरलेली नौदलाची माणसं होती, त्यातल्या कुणीही मनापासून मध्ये पडून समेट घडवायला हवा होता. दोघांनाही गोळ्या लागल्या. डिकेटर त्याच रात्री गेला, वय ४१. बॅरन मात्र वाचला, पुढे १८५१ पर्यंत जगला.

मुलीकडे परत गेलात आणि वॉशिंग्टनला जाणं झालं तर व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात डिकेटरचं घर अजून उभं आहे ते बघा. बायको सुझनबरोबर तो तिथे जेमतेम वर्षभर राहिला होता, आणि जखमी झाल्यावर त्याला तिथेच आणलं होतं.