जुनी फायरस्टॉर्म घेऊ का?

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. १९९८ ची होंडा व्हीटीआर १००० फायरस्टॉर्म मिळतेय, किंमत परवडणारी आहे पण मित्र म्हणतात एवढी जुनी बाईक नको. काय करू?

उत्तर: घ्या हो, पण आधी एकच गोष्ट विचारा, कॅम चेनचे (इंजिनाचे व्हॉल्व चालवणारी चेन) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारे भाग, बदललेत का? या ९९६ सीसी व्ही-ट्विनला (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन) पुढच्या आणि मागच्या सिलिंडरला एकेक ऑटोमॅटिक टेन्शनर असतो, त्यातली स्प्रिंग तुटली की चेन सैल पडते, दात सोडते आणि व्हॉल्व पिस्टनवर आदळून इंजिनच बसतं. म्हणून बरेच मालक मॅन्युअल टेन्शनर लावतात, स्वस्त पडतात पण अॅडजस्ट जाणकाराकडूनच करून घ्या. बदलल्याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा. बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर रेक्टिफायरही जातो, तेव्हा इंजिन चालू करून बॅटरीचं व्होल्टेज बघा, रेझ केल्यावर १४ च्या आसपास हवं.

आणि टाकी! तुमच्या मॉडेलला फक्त १६ लिटरची आहे आणि कार्ब्युरेटरवाली ही बाईक पेट्रोल मनापासून पिते, त्यामुळे वेल्सच्या डोंगरात जाताना पंप बघून ठेवा (१९ लिटरची टाकी २००१ पासून आली).

बाकी ३००० आरपीएमच्या खाली ती धक्के देते, गिअर खाली टाका. त्याच्या वर मात्र जी ओढ आहे ना, ९० अंशाच्या व्ही-ट्विनची, ती चार सिलिंडरवाल्यांत नाही मिळत, मला तरी नाही मिळाली.