शेवटचा सीझन आणि ७,६०० डॉलर

इंडियानापोलिसजवळ राहणाऱ्या एका वाचक आईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन उन्हाळे एका ड्रम कोअरमध्ये स्नेअर हा ड्रम वाजवतो आहे. येत्या डिसेंबरात तो २१ वर्षांचा होईल, त्यामुळे पुढचा उन्हाळा ही त्याची शेवटची संधी. अंतिम फेरीत बारा संघ जातात, त्यांत हा कोअर गेल्या ऑगस्टमध्ये थोडक्यात पोहोचला नाही. आता वयाच्या अटीमुळे बरेच जण बाहेर पडत आहेत, काही मोठ्या कोअरच्या ऑडिशनला निघाले आहेत आणि ड्रमलाइनचे, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या तुकडीचे, मुख्य प्रशिक्षकही जात आहेत. फी ६,२०० डॉलर, सराव कॅम्पसाठी विमानभाडं अंदाजे ९००, बूट-हातमोजे-किरकोळ ५००. मुलाकडे २,८०० साठले आहेत, आईवडील २,००० देऊ शकतात, उरलेले २,८०० कॉलेजसाठीच्या ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, काढावेत का, असा प्रश्न आहे. वडिलांचं म्हणणं, निम्मे लोक निघून गेलेल्या संघावर एवढा पैसा कशाला घालायचा?

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्रम कोअर म्हणजे ब्रास, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड, असे दीडशेच्या आसपास तरुण फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करतात. या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर्स इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली. २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये भरते. परीक्षक शंभरपैकी गुण देतात: ४० एकूण परिणामाला, ३० दृश्य भागाला, ३० संगीताला. सदस्याला मानधन नाही. उलट तोच फी भरतो, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतो आणि रात्रीच्या बसप्रवासानंतर सकाळी पुन्हा सरावाला उभा राहतो. आपल्या पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांसारखीच ही ओढ आहे, फक्त इथे वयाची कमाल मर्यादा (२१ वर्षं) आहे आणि पैसे भरावे लागतात.

ताई, तुमच्या यजमानांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो रास्त आहे पण चुकीच्या जागी रोखलेला आहे. माणसं जाणं हा ड्रम कोअरचा स्वभावच आहे. वयाची अट दरवर्षी एक तुकडी बाहेर काढतेच, अगदी विजेत्या कोअरमधूनही. शिवाय वरच्या क्रमांकाकडे जाण्याची धडपड असतेच. ऑगस्टमध्ये कुणी जिंकलं की हिवाळ्यात त्याच्या ऑडिशनला गर्दी होते. जुने सदस्य जास्त परतले तर कवायत आणि वाजवण्याची पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही, सरावाचे दिवस वाचतात, हे खरं. पण त्यावरून पुढच्या क्रमांकाचं भाकीत करता येत नाही. बोस्टन क्रुसेडर्स २०१६ मध्ये बारावे होते. नवी शिक्षकमंडळी, नवं डिझाइन आलं आणि २०१७ मध्ये ते सहावे आले. २०२५ मध्ये त्यांनी पहिलं अजिंक्यपद जिंकलं, आणि हा संघ १९४० सालचा आहे.

शिवाय क्रमांक बारा असो की पंधरा, तुमच्या घरच्या हिशेबात त्याने एका डॉलरचाही फरक पडत नाही. तुम्ही तिकीट क्रमांकाचं काढत नाही आहात, एका उन्हाळ्याचं काढत आहात. म्हणून मी एकच प्रश्न सगळ्यात वर ठेवते: हा कोअर पुढच्या ऑगस्टपर्यंत पैशाने उभा राहील का? तुमच्या पैशाला खरा धोका तिथे आहे आणि माणसांची गळती त्याच्याबद्दल काही सांगते का, एवढंच तपासायचं आहे.

धोका काल्पनिक नाही. सांता क्लारा व्हॅनगार्डने २०१८ मध्ये अजिंक्यपद जिंकलं होतं. त्याच व्हॅनगार्डने पैशाच्या अडचणीमुळे २०२३ चा सीझन घेतलाच नाही, २०२४ मध्ये परतले. न्यू जर्सीत १९३४ मध्ये सुरू झालेले द कॅडेट्स, या क्षेत्रातलं सगळ्यात मानाचं एक नाव, २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. लैंगिक अत्याचाराचे खटले आणि दिवाळखोरी यांत ती संस्था संपली. २०२० मध्ये तर महामारीने सगळ्यांचाच सीझन रद्द झाला. नाव कितीही मोठं असलं तरी ते तुमच्या फीची हमी नाही.

तेव्हा गळतीची कारणं वेगळी करा. वयामुळे गेलेले मोजूच नका. वय शिल्लक असूनही जे परतत नाहीत, ते कुठे चालले आहेत ते मुलाला विचारा. वरच्या कोअरला जात असतील तर फार चिंता नाही, तिथे चांगलं शिकवलं जातं असाच त्याचा अर्थ होतो. पण नुसतेच घरी बसत असतील, किंवा मागच्या टूरवर जेवण आखडलं होतं, बस ऐनवेळी बदलली, शिक्षकांचे पैसे थकले असं कानावर येत असेल, तर ती गळती वेगळी. ड्रमलाइनचे मुख्य प्रशिक्षक का जात आहेत, हेही तुमचा मुलगा एका फोनवर विचारू शकेल. अशा ठिकाणी एक शिक्षक गेला की त्याच्या मागोमाग त्याची मुलं जातात, त्यामुळे जागी कोण येणार हे नोव्हेंबरच्या ऑडिशनच्या आत जाहीर झालेलं असावं.

दुसरं, कोअर ना-नफा संस्था असतात आणि त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे सरकारला द्यायचं वार्षिक आर्थिक विवरण, कुणालाही पाहता येतो. तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवा. वर्षाअखेरची निव्वळ मालमत्ता घटत घटत शून्याखाली चालली आहे का, कर्ज वाढतं आहे का, आणि उत्पन्नात सदस्यांच्या फीचा वाटा किती, एवढं बघा. ब्लू डेव्हिल्स आणि व्हॅनगार्ड या कोअरनी वर्षानुवर्षं बिंगोचे खेळ चालवून पैसा उभा केला. ज्याच्याकडे फीशिवाय दुसरा झराच नाही, त्याला सदस्य कमी झाले की लगेच झळ बसते. तुमच्या कोअरच्या बाबतीत माणसांची गळती आणि पैसा यांचा संबंध आहे तो एवढाच, पण तो महत्त्वाचा आहे.

आता खरी किंमत. तुम्ही ७,६०० लिहिलंत, ती निम्मीही नाही. तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा इंजिनिअरिंगच्या मुलासाठी इंटर्नशिपचा. तासाला २२ डॉलर धरले तरी बारा आठवड्यांचे १०,५६० होतात. दोन्ही मिळून १८,१६० डॉलर. आणि मागचे दोन उन्हाळेही टूरवर गेले असल्यामुळे त्याच्या रेझ्युमेवर अजून एकही इंटर्नशिप नाही. मला पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट ही वाटते, सदस्यांची गळती नव्हे.

त्यावर उपाय आहे. मेमध्ये सुरू होणारा सराव आणि ऑगस्टमधली अंतिम फेरी यांच्यामध्ये इंटर्नशिप बसणार नाही, पण ऑगस्ट ते डिसेंबरचा को-ऑप, म्हणजे एक सत्र वर्गाऐवजी कंपनीत पगारी काम, बसतो. सोळा आठवडे, त्याच दराने १४,०८० डॉलर. पदवी एक सत्र पुढे जाईल, म्हणजे पूर्ण पगाराची नोकरीही काही महिने उशिरा. हा तोटा लहान नाही आणि मुलाने तो समजून पत्करला पाहिजे. तरी अनुभवाशिवाय नोकरी शोधण्यापेक्षा तो बरा. त्याने आत्ताच, या सप्टेंबरात, कॉलेजच्या करिअर ऑफिसमध्ये जावं आणि पदवीच्या अभ्यासक्रमात को-ऑप बसतो का ते लेखी घ्यावं.

५२९ खात्याला मात्र थेट हात लावू नका. कोअरची फी हा त्या खात्याच्या नियमांत बसणारा शिक्षणखर्च नाही. २,८०० काढले आणि त्यातला ४० टक्के भाग वाढ असेल, तर १,१२० डॉलरवर आयकर आणि वर १० टक्के दंड, म्हणजे ११२. शिवाय खात्यात पैसे भरल्याबद्दल इंडियाना राज्याने दिलेली २० टक्के करसवलत परत मागितली जाऊ शकते, म्हणजे आणखी ५६० पर्यंत. इतका तोटा सोसायची गरज नाही, कारण त्याच खात्यातून मुलाचं खोलीभाडं आणि जेवण नियमाने देता येतं. तो किमान अर्धवेळ विद्यार्थी असावा आणि रक्कम कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेत असावी, एवढीच अट. या वर्षी तुम्ही खिशातून जे भाडं भरता आहात, त्यातले २,८०० ५२९ मधून, त्याच कॅलेंडर वर्षात काढा. खिशातले तेवढेच पैसे कोअरसाठी मोकळे होतील. पावत्या जपून ठेवा.

मावशी-काकांनी मदत करायची म्हटली तर करू द्या, पण तुमच्या मुलाच्या फीसाठी म्हणून दिलेली रक्कम करसवलतीची देणगी ठरत नाही, हे त्यांना आधी सांगा. कर्ज किंवा क्रेडिट कार्डावर लांबत जाणारी थकबाकी, या दोन्हींना माझा स्पष्ट नकार.

माझं मत: त्याला जाऊ द्या. वय निघून गेलं की हा अनुभव कितीही पैसे मोजून विकत मिळत नाही आणि तुमच्या घरची स्थिती हा खर्च पेलू शकते. पण तीन अटींवर. फॉर्म ९९० मध्ये खड्डा दिसता कामा नये. को-ऑपच्या मुलाखती वसंत सत्र संपायच्या आत व्हायला हव्यात. आणि फी हप्त्याने भरायची, एकरकमी नाही. करारात परताव्याची शेवटची तारीख कोणती, दुखापत झाली किंवा कोअरनेच सीझन रद्द केला तर किती परत मिळेल, हे सहीच्या आधी वाचा. ती तारीख येण्यापूर्वी प्रशिक्षक आणि टूरचं वेळापत्रक जाहीर झालेलं नसेल, तर पुढचा हप्ता थांबवा आणि संचालकांना ईमेलने कारण विचारा.

तो दुसऱ्या कोअरच्या ऑडिशनलाही जायचं म्हणत असेल तर जाऊ द्या. पण तिथलाही फॉर्म ९९० तुम्हीच उघडून बघा, आणि ऑडिशनची फी व भाडं त्याच्या २,८०० मधून जाऊ द्या.